नॅनोग्रॅमचा माग: इम्युनोअ‍ॅसे वापरून डिगॉक्सिनचा शरीरातला प्रवास कसा अभ्यासावा

पाण्याचे दहा-दहा हजार लिटरचे शंभर टँकर डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम पावडर विरघळवली आहे. आता त्यातलं मिलिलिटरभर पाणी हातात देऊन कोणी विचारलं, यात पावडर किती? डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णाच्या रक्तात औषध साधारण इतकंच असतं, मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास. हार्ट फेल्युअरमध्ये ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम पातळी पुरेशी मानतात. ती दोनच्या वर गेली की मळमळ, नजरेला पिवळसर झाक, हृदयाची लय बिघडणं अशा विषबाधेच्या खुणा दिसण्याची शक्यता वाढते. उपयोग आणि अपाय यांच्यात एवढीच फट आहे.

असं औषध शरीरात किती शिरतं, कुठे जातं, कशात बदलतं आणि कधी बाहेर पडतं, म्हणजेच त्याचं फार्माकोकायनेटिक्स, शोधायचं तर नॅनोग्रॅम मोजता यायला हवा. इम्युनोअ‍ॅसेने, म्हणजे अँटिबॉडीच्या पकडीवरून पदार्थ मोजणाऱ्या चाचणीने, ते शक्य केलं. या लेखात मी एकच औषध घेऊन सगळ्या पायऱ्या सांगणार आहे. डिगॉक्सिन निवडलं कारण या पद्धतीचे फायदे आणि तिच्यातले जवळजवळ सगळे खड्डे या एका रेणूत सापडतात. एम.फार्म.चे विद्यार्थी, फार्माकॉलॉजीचे रेसिडेंट आणि लॅबमध्ये नव्याने लागलेली मुलं-मुली यांना समोर ठेवून लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी

विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह वनस्पतीच्या औषधी उपयोगावरचं पुस्तक १७८५ मध्ये प्रसिद्ध केलं. सिडनी स्मिथने १९३० मध्ये त्याच कुळातल्या डिजिटॅलिस लॅनाटापासून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं केलं. तरीही पुढची जवळपास चाळीस वर्षं डॉक्टर हे औषध अंदाजानेच देत होते, कारण रक्तातली पातळी रोजच्या कामात मोजायची सोय नव्हती.

वाट दाखवली ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी इन्सुलिनसाठी किरणोत्सारी खुणेवर चालणारा रेडिओइम्युनोअ‍ॅसे बसवला. बर्सन १९७२ मध्ये गेले. यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. डिगॉक्सिनची अडचण वेगळी होती. रेणू इतका लहान की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. १९६७ मध्ये बटलर आणि चेन यांनी तो अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्यांना टोचला आणि अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, मिळवली. १९६९ मध्ये स्मिथ, बटलर आणि हेबर यांनी त्यावरून रुग्णांच्या सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागातलं) डिगॉक्सिन मोजून दाखवलं.

लगेच दोन वर्षांत, १९७१ मध्ये, लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने एक धक्कादायक गोष्ट उघड केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सारख्याच ताकदीच्या डिगॉक्सिन गोळ्या दिल्या, तर रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक पडत होता. गोळीत औषध सारखंच होतं, पण ते विरघळून रक्तात पोचत नव्हतं. गोळीच्या विरघळण्याची चाचणी काटेकोर होण्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

आता ती गोष्ट, जी पुढच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावी लागेल: अँटिबॉडी जे ओळखते तेच आपण मोजतो. ते औषधच आहे का, हे दरवेळी वेगळं सिद्ध करावं लागतं.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"डिगॉक्सिनचं फार्माकोकायनेटिक्स अभ्यासायचं आहे" हा प्रश्न नव्हे. दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्या शोषल्या जातात का? किडनी कमजोर असलेल्या माणसात औषध किती रेंगाळतं? सोबत दुसरं औषध दिलं तर पातळी वाढते का? (हृदयाच्या लयीवरचं क्विनिडीन हे औषध सोबत दिल्यावर डिगॉक्सिनची पातळी साधारण दुप्पट होते, हे १९७८ मध्ये अशाच मोजमापांतून कळलं.) आतड्यातले जिवाणू औषध निकामी करतात का? यातला प्रत्येक प्रश्न अँटिबॉडीकडे वेगळी मागणी करतो. पहिल्या प्रश्नाला मूळ औषध तेवढं मोजणारी अँटिबॉडी लागते. शेवटच्या प्रश्नात मूळ औषध आणि निकामी झालेलं रूप यांत फरक करता आला नाही, तर अभ्यास सुरू होण्याआधीच संपला.

प्रश्नासोबत अपेक्षित आकडेही लिहा. डिगॉक्सिनसाठी ते असे: गोळीतलं साधारण ६० ते ८० टक्के औषध रक्तात पोचतं. रक्तातलं सुमारे २५ टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं. ५० ते ७० टक्के मूळ रूपातच लघवीवाटे जातं. किडनी चांगली असेल तर अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) ३६ ते ४८ तास, लघवीच होत नसेल तर साडेतीन ते पाच दिवस. आणि वितरणाचं आकारमान ५०० लिटरच्या आसपास, म्हणजे बहुतेक औषध रक्तात नसून स्नायूंमध्ये, हृदयात जाऊन बसलेलं.

या आकड्यांवरून मोजमापाची खालची मर्यादा ठरते. समजा ०.५ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला आणि ७० टक्के शोषला गेला, तर ३५० मायक्रोग्रॅम औषध ५०० लिटरमध्ये पसरलं: मिलिलिटरला ०.७ नॅनोग्रॅम. अर्धायुकाल ३६ तासांचा धरला तर २४ तासांनी ०.४४, ६० तासांनी ०.२२ आणि ९६ तासांनी ०.११ उरेल. हॉस्पिटलच्या ऑटोमॅटिक मशीनवर चालणारी अनेक किट ०.२-०.३ च्या खाली भरवशाचा आकडा देत नाहीत. रुग्णाच्या देखरेखीला ती पुरेशी आहेत. पण अशा एका डोसच्या अभ्यासात ती वापरलीत, तर आलेखाची अख्खी शेपटी कापली जाईल.

पायरी २: अँटिबॉडीची जन्मकुंडली मागा

याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या असं माझं ठाम मत आहे. लोक किटच्या डब्यावरचा खालच्या मर्यादेचा आकडा बघतात, किंमत बघतात आणि ऑर्डर देतात. त्याआधी विचारायचा प्रश्न: ही अँटिबॉडी तयार करताना औषध प्रथिनाला कुठल्या बाजूने जोडलं होतं?

डिगॉक्सिनचा रेणू असा बघा. मधे स्टेरॉइडचं चौकडी घर, एका टोकाला लॅक्टोनचं कडं, दुसऱ्या टोकाला डिजिटॉक्सोज साखरेचे तीन मणी ओवलेले. बटलर आणि चेन यांच्या पद्धतीत शेवटचा साखरमणी पेरआयोडेट या रसायनाने उघडून त्यातून अल्ब्युमिनशी जोड दिला जातो. म्हणजे साखरेची बाजू प्रथिनाला टेकलेली आणि स्टेरॉइड-लॅक्टोनची बाजू बाहेर, प्रतिकारयंत्रणेच्या नजरेसमोर. भिंतीला पाठ टेकून उभ्या माणसाचा फोटो काढला तर चेहरा नीट येतो, पाठ येत नाही. अँटिबॉडीचंही तसंच. जोडापासून दूरची बाजू ती बारकाईने ओळखते, जोडाजवळच्या बदलांकडे तिचं फारसं लक्ष नसतं.

आता शरीरात काय होतं ते याच्या शेजारी ठेवा. डिगॉक्सिनचा चयापचय मुख्यतः दोन वाटांनी होतो. एका वाटेत साखरेचे मणी एकेक करून तुटतात आणि दोन मण्यांचं, एका मण्याचं, शेवटी बिनमण्यांचं डिजॉक्सिजेनिन उरतं. दुसऱ्या वाटेत लॅक्टोन कड्यातला दुहेरी बंध जातो आणि डायहायड्रोडिगॉक्सिन तयार होतं, ज्यात हृदयावरचा परिणाम जवळपास राहत नाही. साखरेच्या बाजूने जोडून बनवलेली अँटिबॉडी पहिल्या वाटेवरच्या पदार्थांना मूळ औषधच समजते, कारण तिला दिसणारा चेहरा तोच आहे. लॅक्टोन बदललेल्या डायहायड्रोडिगॉक्सिनला मात्र ती सहसा फारशी जुमानत नाही.

मग हे चांगलं की वाईट? ते प्रश्नावर ठरतं. कमी मण्यांचे पदार्थ हृदयावर काम करतात, त्यामुळे रुग्णाच्या देखरेखीत ते मोजले गेले तर फार बिघडत नाही. पण मूळ औषधाचा अर्धायुकाल काढायचा असेल, तर तेच पदार्थ आकडा फुगवतात. आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास असेल, तर डायहायड्रो रूप न दिसणं हे वरदान ठरतं. साधारण दहा टक्के लोकांच्या आतड्यात एगर्थेला लेंटा हा जिवाणू डिगॉक्सिनचा लक्षणीय भाग निकामी करतो. अशा लोकांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन दिल्यावर डिगॉक्सिनची पातळी चढते, हे लिंडेनबॉम यांच्याच गटाने १९८१ मध्ये दाखवलं.

अँटिबॉडीची पारख करायला, म्हणजे ती दुसऱ्या पदार्थांना किती चिकटते ते बघायला, क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी मोजा. मूळ औषधाच्या ज्या प्रमाणाला सिग्नल निम्मा होतो, त्याला दुसऱ्या पदार्थाच्या तशाच प्रमाणाने भागा आणि शंभराने गुणा. डिगॉक्सिन १ नॅनोग्रॅमला सिग्नल निम्मा करतं आणि दुसरा पदार्थ ५० नॅनोग्रॅमला, तर क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी २ टक्के. मात्र हा आकडा एकटा वाचू नका. २ टक्केवाला पदार्थ रक्तात औषधाच्या पन्नासपट असेल, तर तुमचा आकडा दुप्पट होईल. किटच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा तुमच्या अभ्यासातली सोबतची औषधं आणि चयापचयातले पदार्थ स्वतः घालून बघा.

पायरी ३: चाचणीची रचना

इन्सुलिनसारख्या किंवा जैविक औषधांसारख्या मोठ्या रेणूला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी धरू शकतात. त्याला सँडविच म्हणतात. डिगॉक्सिनचा रेणू साधारण ७८१ डाल्टनचा. त्यावर दोघींना जागा नाही. म्हणून इथे स्पर्धा लावायची: मोजक्याच अँटिबॉडी ठेवायच्या, त्यात रुग्णाच्या सॅम्पलमधलं औषध आणि एन्झाइमचं लेबल लावलेलं औषध एकत्र सोडायचं. सॅम्पलमध्ये औषध जास्त असेल तर लेबलवाल्याला जागा कमी मिळते आणि रंग फिका येतो. नवीन मुलांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून पहिल्या दिवशीच वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: गडद वेल (प्लेटमधली छोटी वाटी) म्हणजे औषध कमी, फिकी वेल म्हणजे औषध जास्त.

सुरुवातीच्या चाचण्यांत लेबल किरणोत्सारी असायचं, आधी ट्रिटियम आणि मग आयोडीन-१२५. आज एन्झाइम किंवा प्रकाश देणारी लेबलं वापरतात. मी पुढे ९६ वेलच्या एलायझा (एन्झाइमच्या लेबलवर चालणारी चाचणी) प्लेटचं उदाहरण घेते.

पायरी ४: प्रमाण-द्रावणं आणि वक्र

प्रमाण-द्रावणं, म्हणजे औषध किती आहे ते आधीच माहीत असलेली द्रावणं, पाण्यात किंवा बफरमध्ये बनवू नका. त्यांच्या वाचनांवरून वक्र काढतात आणि त्या वक्रावरून सॅम्पलमधलं औषध वाचतात. औषध न घेतलेल्या माणसांच्या एकत्र केलेल्या सीरममध्येच बनवा, कारण सीरममधली प्रथिनं आणि क्षार अँटिबॉडीच्या पकडीवर परिणाम करतात. आपल्या उदाहरणात ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२ आणि ५ नॅनोग्रॅम अशा सात पायऱ्या पुरतील, प्रत्येक दोन-दोन वेलमध्ये. शिवाय कोरं सीरम हवंच. वक्राला आधार म्हणून दोन्ही टोकांच्या बाहेर एकेक द्रावण ठेवलं तर तो नीट बसतो. ती दोन मर्यादेत धरायची नाहीत.

गुणवत्ता-नमुने, म्हणजे पद्धत बरोबर मोजते का ते तपासायचे ज्ञात प्रमाणाचे नमुने, वेगळ्या वजनापासून, वेगळ्या हाताने बनवा. एकाच मूळ द्रावणातून दोन्ही केले तर वजनातली चूक दोन्हीकडे सारखीच जाते आणि कधीच पकडली जात नाही.

वक्र सरळ रेषेत येत नाही, तो आडव्या 'एस'सारखा येतो. त्याला चार घटकांचं लॉजिस्टिक समीकरण बसवतात. सरळ रेषेचा हट्ट धरून मधलाच तुकडा वापरला तर खालचे आकडे वाकडे येतात. वक्राचा मधला उताराचा भाग सगळ्यात भरवशाचा. दोन्ही टोकांना रंगात अगदी थोडा फरक पडला तरी औषधाचा आकडा खूप हलतो.

पायरी ५: पद्धत सिद्ध करा

औषधांसाठी तत्त्वं ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय मंडळाचं एम१० हे मार्गदर्शक तत्त्व २०२२ मध्ये पक्कं झालं. त्यातल्या इम्युनोअ‍ॅसेसाठीच्या अटी पाठ असाव्यात. गुणवत्ता-नमुने पाच पातळ्यांवर: खालची मर्यादा, कमी (खालच्या मर्यादेच्या तिपटीच्या आत), मध्यम (वक्राच्या भूमितीय मध्याजवळ), जास्त (वरच्या मर्यादेच्या किमान ७५ टक्के) आणि वरची मर्यादा. आपल्या वक्रासाठी ते झाले ०.१, ०.३, ०.७, ३.८ आणि ५. किमान सहा रन (चाचणीच्या पूर्ण खेपा), दोन किंवा जास्त दिवसांत, प्रत्येक रनमध्ये प्रत्येक पातळीची किमान तीन वाचनं. अचूकतेतली चूक आणि पुनरावृत्तीतली तफावत २० टक्क्यांच्या आत, दोन्ही टोकांना २५ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे ०.१ चा नमुना ०.०७५ ते ०.१२५ मध्ये यायला हवा. दोन्ही चुकांची बेरीज ३० टक्क्यांच्या आत, टोकांना ४०.

निवडक्षमतेसाठी, म्हणजे सीरममधल्या इतर गोष्टींनी आकडा बिघडत नाही ना ते बघायला, किमान दहा वेगवेगळ्या माणसांचं सीरम घ्या. इथे हात आखडू नका. तुमचा अभ्यास किडनीच्या रुग्णांवर असेल तर किडनीच्या रुग्णांचंच सीरम घ्या. कॉलेजातल्या दहा धडधाकट मुलांच्या सीरमवर पद्धत सिद्ध करून ती डायलिसिसच्या रुग्णाला लावण्यात अर्थ नाही. का, ते पुढे येईल.

समांतरतेची चाचणी अनेकजण उरकून टाकतात. मला ती सगळ्यात बोलकी वाटते. औषध घेतलेल्या माणसाचं खरं सॅम्पल घ्या, कोऱ्या सीरमने दुप्पट, चौपट, आठपट पातळ करा आणि प्रत्येक आकडा परत गुणून मूळ प्रमाण काढा. सगळीकडे जवळपास सारखं आलं, वाचनांतली तफावत ३० टक्क्यांच्या आत राहिली, तर ठीक. पातळ करत जाताना आकडा एकाच दिशेने सरकत गेला, तर सॅम्पलमध्ये औषधाशिवाय दुसरं काहीतरी अँटिबॉडीला वेगळ्या ताकदीने चिकटत आहे. पद्धत स्वतःच इशारा देते आहे, तो ऐका.

पायरी ६: माणसं, परवानग्या आणि रक्ताच्या वेळा

भारतात जैवउपलब्धतेचा (औषध रक्तात किती पोचतं याचा) अभ्यास नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ च्या चौकटीत येतो. केंद्रीय परवाना प्राधिकरणाची परवानगी, नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मान्यता आणि सहभागी माणसाची समजून-उमजून दिलेली लेखी संमती, या तिन्हींशिवाय सुई टोचायची नाही. संमतीपत्र मराठीत असणं पुरेसं नाही, ते समजेल अशा मराठीत हवं. "औषधगतिकी" वाचून कोणाला काही कळत नाही. "गोळी घेतल्यावर औषध रक्तात किती वेळ राहतं ते बघणार आहोत, त्यासाठी चार दिवसांत सोळा वेळा रक्त घेऊ" हे कळतं.

सोळा वेळा कशा ठरवायच्या? गोळी देण्याआधी एक. मग पाव, अर्धा, पाऊण, एक, दीड, दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा तासांनी. मग २४, ४८, ६० आणि ९६ तासांनी. पहिल्या दोन तासांत गर्दी आहे कारण शिखर तिथे येतं. त्यानंतरचे सहा-आठ तास औषध रक्तातून स्नायूंत शिरत असतं आणि पातळी झपाट्याने उतरते. रुग्णाच्या नेहमीच्या तपासणीत गोळीनंतर निदान सहा तास थांबायला सांगतात ते यामुळेच. आधी घेतलेलं रक्त घाबरवणारा आकडा दाखवतं, ज्याचा हृदयातल्या औषधाशी मेळ नसतो. दरवेळी ४ मिलिलिटर घेतलं तरी ६४ मिलिलिटर रक्त जातं, तेही संमतीपत्रात लिहा.

घड्याळाची नोंद ठरलेल्या वेळेची नको, प्रत्यक्ष सुई गेल्याची हवी. दहाला घ्यायचं रक्त दहा वाजून सात मिनिटांनी घेतलं, तर ते सात मिनिटांसकट लिहा. शिखराजवळ सात मिनिटांना किंमत असते.

लघवीही गोळा करा. औषध मूळ रूपात तिथूनच जातं, आणि रक्तातली पातळी मर्यादेखाली गेल्यावरही लघवीत ते मोजता येतं. मात्र लघवीसाठी वेगळा वक्र, वेगळी सिद्धता. सीरमचा वक्र तिथे चालत नाही.

पायरी ७: प्लेटचा दिवस

सगळी सॅम्पल्स, किटचे द्राव आणि प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, निदान अर्धा तास. गोठवलेलं सीरम वितळल्यावर वरखाली करून मिसळा, कारण वितळताना प्रथिनं तळाशी बसतात. एका माणसाची सगळी सॅम्पल्स एकाच प्लेटवर घ्या, म्हणजे दोन प्लेटमधला फरक त्याच्या आलेखात शिरत नाही.

एका रनमध्ये आमच्याकडे कडेच्या वेल्स मधल्यांपेक्षा एकसारख्या गडद येत होत्या. दोन दिवस द्राव बदलले, पिपेट तपासले. शेवटी लक्षात आलं की इनक्युबेटरमध्ये चार प्लेटची चळत लावली होती. कडेच्या वेल्स आधी तापत होत्या, मधल्या मागे राहत होत्या. तेव्हापासून प्लेट एकेक, शेजारी-शेजारी ठेवायची, हा नियम भिंतीवर लावला आहे.

धुताना शेवटचा थेंबही राहू देऊ नका. प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटा. टीएमबी (एन्झाइममुळे रंग देणारं द्रावण) घातल्यावर निळा रंग चढू लागतो. ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने टीएमबी घातलं, त्याच क्रमाने आणि वेगाने आम्ल घालून थांबवा. रंग पिवळा होतो, तो ४५० नॅनोमीटरला वाचा.

रन स्वीकारायचा कधी? गुणवत्ता-नमुन्यांपैकी किमान दोन तृतीयांश आणि प्रत्येक पातळीवरचे किमान निम्मे २० टक्क्यांच्या आत आले तर. नाही आले तर रन बाद. "एवढंच एक वाचन गेलंय" असं म्हणून ते खोडायचा मोह आवरा. पुढे काही सॅम्पल्स पुन्हा चालवून बघायची असतात: पहिल्या हजारातली दहा टक्के, त्यापुढची पाच टक्के. त्यातल्या दोन तृतीयांशांत दोन्ही आकड्यांतला फरक ३० टक्क्यांच्या आत हवा.

पायरी ८: आकड्यांतून शरीराकडे

शिखर आणि त्याची वेळ थेट मोजलेल्या आकड्यांतून घ्या. शेवटच्या उतारातून वेग काढा. आपल्या उदाहरणात ६० तासांना ०.२२ आणि ९६ तासांना ०.११ आहे, ३६ तासांत पातळी निम्मी झाली, म्हणून अर्धायुकाल ३६ तास आणि वेगाचा स्थिरांक ०.६९३ भागिले ३६, म्हणजे ताशी ०.०१९. आलेखाखालचं क्षेत्रफळ पट्ट्यापट्ट्यांनी मोजा: चढताना साधी सरासरी, उतरताना लॉगरिदमची पद्धत. शेवटच्या आकड्यानंतरचा भाग म्हणजे ०.११ भागिले ०.०१९, जवळपास ५.७. हा अंदाजाने जोडलेला तुकडा एकूण क्षेत्रफळाच्या २० टक्क्यांपेक्षा मोठा झाला, तर तुम्ही मोजण्यापेक्षा कल्पनाच जास्त करत आहात.

आता दुसऱ्या पायरीकडे परत या. समजा सावकाश बाहेर पडणारा एखादा चयापचयी पदार्थ अँटिबॉडी औषध म्हणून मोजते आहे आणि दरवेळी ०.०५ ची भर घालते आहे. मग ६० तासांना ०.२७ दिसेल आणि ९६ तासांना ०.१६. त्यातून अर्धायुकाल निघतो जवळपास ४८ तास. प्लेट निर्दोष, गुणवत्ता-नमुने पास, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर एक तृतीयांशाने चुकलेलं! शिखराजवळ ०.०५ ची भर कोणाच्या लक्षातही आली नसती. चूक नेहमी शेपटीत लपते.

यावर खात्रीचा उपाय एकच: शेपटीतल्या काही सॅम्पल्समधले पदार्थ आधी एचपीएलसीने (पदार्थ एकेक करून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणाऱ्या यंत्राने) वेगळे करा आणि प्रत्येक भाग इम्युनोअ‍ॅसेने मोजा. सगळी प्रतिक्रिया डिगॉक्सिनच्या वेळेलाच येते की आधी-नंतरही काही निघतं, ते डोळ्यांना दिसेल. एलसी-एमएस (पदार्थ वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणारं यंत्र) हाताशी असेल तर तीच सॅम्पल्स त्यावर ताडून बघा.

पायरी ९: फसवणारी सॅम्पल्स ओळखा

डिगॉक्सिनचा एक थेंबही न घेतलेल्या काही माणसांच्या रक्तात इम्युनोअ‍ॅसे डिगॉक्सिन दाखवते. नवजात बाळं, शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रिया, किडनी किंवा यकृत निकामी झालेले रुग्ण यांच्या रक्तात डिगॉक्सिनसारखे वागणारे पदार्थ असतात. किडनीच्या रुग्णांचंच सीरम वापरून पद्धत सिद्ध करा असं मी वर म्हटलं ते यासाठी. गोळी देण्याआधीचं सॅम्पल म्हणूनच अनमोल आहे. तिथे ०.१५ आलं तर ते वजा करून पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना डिगॉक्सिनबरोबर स्पायरोनोलॅक्टोन हे लघवी वाढवणारं औषध बऱ्याचदा असतं. काही जुन्या किटमध्ये त्याने आकडा वाढायचा, काहींत उलट कमी व्हायचा. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणारे स्वयंसेवकही विचारून बाजूला काढा. किटमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची एकमेकांना घट्ट धरणारी जोडी असेल, तर स्पर्धेच्या चाचणीत त्यांचा आकडा खोटा चढतो.

विषबाधेवर डिगॉक्सिनविरोधी फॅब, म्हणजे मेंढीच्या अँटिबॉडीचे तुकडे, दिले असतील तर नेहमीची इम्युनोअ‍ॅसे काही दिवस निरुपयोगी होते. फॅब ऊतींमधलं औषध ओढून रक्तात आणतात आणि धरून ठेवतात. एकूण पातळी प्रचंड चढलेली दिसते, पण त्यातलं काम करू शकणारं मोकळं औषध जवळपास नसतं. मोजायचंच तर सीरम अल्ट्राफिल्टरमधून गाळून मोकळं डिगॉक्सिन मोजा.

आणि आपल्याकडची गोष्ट. बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं झाड, महाराष्ट्रात कुंपणाला आणि देवळाच्या आवारात सर्रास असतं. तिच्या बियांत थेवेटिन, पेरुव्होसाइड, नेरिफोलिन असे डिगॉक्सिनचे चुलतभाऊ (त्याच्यासारखीच ग्लायकोसाइडं) असतात, आणि ते डिगॉक्सिनच्या अँटिबॉडीला कमी-जास्त चिकटतात. हेच नातं उपचारातही कामी आलं: डिगॉक्सिनविरोधी फॅब बिट्टीच्या विषबाधेतल्या लय बिघडण्यावर चालतात, हे श्रीलंकेतल्या चाचणीत २००० मध्ये दिसलं. पण लॅबमध्ये अशा रुग्णाचं सॅम्पल आलं आणि मशीनने १.४ दाखवलं, तर त्या १.४ ला डिगॉक्सिनच्या तक्त्यावर जागा नाही. दुसऱ्या किटवर तेच सॅम्पल ०.६ किंवा ३ दाखवू शकतं, कारण प्रत्येक अँटिबॉडी या पदार्थांना वेगळ्या ताकदीने धरते. १.४ म्हणजे "धोका कमी" असं वाचून रुग्णाला मॉनिटरवरून काढणं जिवावर बेतू शकतं.

अशा वेळी रिपोर्टवर नुसता आकडा पाठवू नका. "डिगॉक्सिनसारखी प्रतिक्रिया आढळली, वनस्पतिजन्य ग्लायकोसाइडची शक्यता, हा आकडा विषाचं प्रमाण दर्शवत नाही" असं स्पष्ट लिहा. आणि रिपोर्ट वॉर्डात पोचायची वाट न बघता फोन उचलून ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगा, म्हणजे ईसीजी आणि पोटॅशियमवर लक्ष राहील.